समुद्राकडे पाठ केलेला देव

आमचा देव समुद्राकडे पाठ करून उभा असतो, असं बाहेरच्या माणसांना सांगितलं की ती आधी हसतात आणि मग विचारतात, "मग तो राखण कशाची करतो?" आमच्या बेटावर याचं ठरलेलं उत्तर होतं. उधाणबा लाटा पाठीवर झेलतो. तोंडावर झेलल्या तर डोळ्यांत पाणी जाईल, आणि डोळ्यांत पाणी गेलं तर गावावर लक्ष कोण ठेवणार? लहानपणी मला हे उत्तर फार पटायचं. कॉलेजात जायला लागल्यावर त्याचा राग यायला लागला. खरं उत्तर मला कळलं ते पन्नाशी उलटल्यावर, नवीन पनवेलमधल्या माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, आणि त्या धक्क्यातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही.

देव म्हणजे तरी काय, माणसाएवढा लाकडी खांब. कुठल्याशा मोडक्या होडीची डोलकाठी. शेंदूर थापून थापून जाड झालेला. नाक नाही, तोंड नाही, फक्त डोळे. चांदीची दोन गोल कडी आणि त्यांच्या मधोमध एकेक कवडी. ते डोळे इतके वटारलेले की कुठंही उभं राहिलं तरी ते आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. गाव संपतं आणि गाळ सुरू होतो, अगदी त्या कडेवर तो उभा होता. ओहोटी लागली की त्याच्या मागे लांबच्या लांब गाळ उघडा पडायचा, त्यावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, तुरुतुरु पळताना दिसायच्या आणि आम्हा पोरांचे पाय शिवशिवायचे. पण पोरांनी देवाच्या मागे जायचं नाही, असा नियम होता. कुणी गेलं तर उधाणबा मान वळवून त्याच्याकडे बघणार, आणि ज्या दिवशी तो मान वळवेल त्या दिवशी बेट बुडणार. एका चिंबोरीपायी अख्खं बेट बुडवायची हिंमत कुणात असणार? आम्ही मुकाट्यानं त्याच्या पुढ्यात खेळायचो. कालवं वेचायला बायका मागे जायच्या, त्याही नारळ ठेवून आणि जोडीजोडीनं.

तो आला कसा, हे दर नारळी पौर्णिमेला तांडेलकाका सांगायचे. बेटावरच्या सगळ्यात मोठ्या होडीचे ते तांडेल, म्हणजे म्होरके. खोल समुद्रातून हा खांब उधाणाबरोबर वाहत आला, कुणी हात न लावता आपोआप गाळात उभा राहिला, आणि तेव्हापासून बेटावरचं एकही पोर पाण्यात गेलं नाही. गोष्टीचा शेवट नेहमी याच वाक्यानं व्हायचा. मला तेव्हाही वाटायचं की असं लाकूड आपोआप कसं उभं राहील? पण विचारलं की आय डोळे मोठे करायची. तिचे डोळे आणि देवाचे डोळे यांत फारसा फरक नव्हता.

आय दर अमावास्येला ओहोटीच्या वेळी देवाकडे जायची. सोबत मी असायचीच. ती खांबावर हात ठेवायची आणि हळू आवाजात नाव घ्यायची. माझं नाव. दुसरं काही मागायची नाही, आरती नाही, नवस नाही. मी मागे उभी राहून सवयीनं "ओ" द्यायचे, आणि ती मान न वळवता म्हणायची, "तुला नाय गो हाक मारली. गप ऱ्हा." मला वाटायचं, ती देवाला माझं नाव सांगतेय, माझी खास शिफारस करतेय. धाकटा भाऊ जळफळायचा. "तुझाच तेवढा लाड. माझं नाव देवाला माहीत तरी आहे का?" मी त्याला खुशाल वाकुल्या दाखवायचे. आता ते आठवलं की तोंड कुठं लपवू असं होतं.

पुढे बेट गेलं. कसं गेलं, कुणी घेतलं, भाव काय मिळाला, हे आमच्याकडे कुणीही घसा कोरडा होईपर्यंत सांगेल, म्हणून मी सांगत नाही. भराव पडला, गाळ गेला, चिंबोऱ्या गेल्या. आता तिथे कंटेनर रचलेले आहेत. मी बंदराचं काम करणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे, त्यामुळे न्हावा शेव्याला जाताना गाडीतून ती जागा दिसते, आणि आपलं घर नेमकं कुठं होतं हे मलासुद्धा सांगता येत नाही. बेटावरची माणसं पनवेलजवळच्या एका वसाहतीत आली. येताना खांब उपटून टेम्पोत घातला. तांडेलकाका त्याला मिठी मारून मागे बसले होते. इथे आल्यावर समुद्र नक्की कुठल्या बाजूला, यावरून सकाळभर भांडण झालं. शेवटी भावानं मोबाईलवर नकाशा उघडला, तेव्हा कुठं देवाला पाठ कुठं करायची ते कळलं. पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा राहिला. त्याच्या पाठीशी समुद्र नावापुरता. मध्ये इमारती, हायवे आणि ट्रेलरची रांग.

आय माझ्याकडे राहते. अमावास्या आली की मी तिला रिक्षानं वसाहतीत नेते. ती खांबावर हात ठेवते, माझं नाव घेते. मी मागे मोबाईल बघत उभी असते आणि तोंडातून "ओ" निघून जातं. "तुला नाय गो," ती म्हणते. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

मग देवळाची टूम निघाली. वसाहतीत आता पैसा आला आहे, कुणाचे डंपर आहेत, कुणाचे पाण्याचे टँकर. देव पत्र्याखाली कसा ठेवायचा? देवळाच्या समितीचा अध्यक्ष झाला भावाचाच मित्र. वर्गणी जमली, मंदिर उभं राहिलं, संगमरवरी मूर्ती घडवून आणली. जुन्या देवाच्या डोळ्यांना चांदीची कडी, म्हणून नव्या मूर्तीच्या डोळ्यांभोवतीही चांदीची कडी हवीत, असं कारागिराला बजावून सांगितलं होतं. त्यानं ती इमानदारीनं बसवली. वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला आणि मी हसून हसून बेजार झाले. देवाला चष्मा लागला होता. एखाद्या पेन्शनर मास्तरासारखा तो गालातल्या गालात हसत होता. मी लिहिलं, "वाचायचा आहे की लांबचा?" दोघातिघांनी मला ग्रुपमधून काढायची मागणी केली.

एका रविवारी दुपारी ग्रुपवर पुढची सूचना आली. आय स्वयंपाकघरात विळीवर मांदेली साफ करत बसली होती. मी तिला वाचून दाखवली. नारळी पौर्णिमेला नव्या मूर्तीची स्थापना, आणि त्याच दिवशी जुन्या खांबाचं समुद्रात विसर्जन. सगळ्यांनी पांढऱ्या टोप्या घालून यावं.

विळीचा आवाज थांबला. मी वर बघितलं. आयचा हात तसाच अधांतरी होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं हिला झटका आला.

"पान्यात नाय घालायचा त्याला," ती म्हणाली.

"अगं आये, जुनी मूर्ती विसर्जनच करतात. आपल्या गणपतीला नाही का—"

"गनपती देव हाय. त्यो देव नाय."

मी आयुष्यभर हेच ओरडून सांगत आले होते. तो देव नाही, लाकूड आहे. वसाहतीत मला याच्यासाठी आगाऊ म्हणतात. आणि आता आईच्या तोंडून तेच ऐकलं. रागच आला पहिल्यांदा. हिनंच तर मला त्या डोळ्यांची भीती घालून वाढवलं!

"मंग काय हाय तो?" मी विचारलं. धक्का बसला की माझी भाषा बेटावर परत जाते.

आयनं विळी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि सरळ सांगितलं. रडली नाही. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. चालायला लागून, बोलायला लागून सगळं झालेली. आय कालवं वेचायला गाळात उतरली, पोरीला गाळाच्या काठावर बसवून गेली आणि सांगून गेली, हलायचं नाही. गाळात हरवतील म्हणून पोरीच्या पायांतले चांदीचे वाळे काढून आपल्या कनवटीला लावले. मागे वळून बघत होती, पोर बसलेली होती. परत बघितलं, बसलेली होती. मग एकदा बघितलं तर नव्हती. ती दुसऱ्या बाजूनं चिंबोरीच्या मागे गाळात गेली होती, आणि भरती लागली होती.

"घावली नाय," आय म्हणाली. "लय शोदली. गाळानं दिली नाय."

माझ्या बापानं मोडक्या होडीची डोलकाठी आणून तिथे रोवली. देव म्हणून नाही, खूण म्हणून. पोर जिथून गेली ती जागा भरतीच्या पाण्यात हरवू नये म्हणून. आय रोज तिथे जाऊन बसायची. एक दिवस बघते तर शेजाऱ्यांची पोरं खांबाच्या मागे गाळात उतरलेली. ती किंचाळत धावली, त्यांना ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं खांबाला शेंदूर फासला. डोळे केले. पोरांना सांगितलं, हा उधाणबा, तुमच्याकडे बघतोय, याच्या मागे जाल तर मान वळवील.

म्हणून त्याचं तोंड गावाकडे. समुद्राकडे बघून तो करणार काय होता? समुद्र कुणाचं ऐकतो का? ऐकणार ती पोरं.

पुढचंही तिनंच सांगितलं. पोरं घाबरली, मग बायकांनी फूल ठेवलं, मग पुरुषांनी नारळ. कुणाची होडी वादळातून सुखरूप आली आणि त्यानं कोंबडा दिला. कुणीतरी म्हणालं तो वाहत आला. आयनं कुणाला नाही म्हटलं नाही. "पोरं वाचत व्हती," ती म्हणाली. "मी कशाला बोलू?"

"आणि डोळे? डोळे कशाचे केलेस?"

"तिचे वाळे," आय म्हणाली आणि परत मांदेली साफ करायला लागली.

मी तशीच उठले, रिक्षा केली आणि वसाहतीत गेले. मला खरं वाटत नव्हतं. खरं वाटावं असंही वाटत नव्हतं. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी किल्लीनं देवाच्या डोळ्यावरचा शेंदूर खरवडला. पापुद्रे निघाले. ते कडं अखंड नव्हतं. दोन टोकं जवळ आणलेली, टोकांना बारीक गोंडे, आणि खालच्या अंगाला खिळ्यानं चेपलेला एक इवलासा घुंगरू. माझी दोन बोटं जेमतेम आत जातील एवढं ते कडं होतं. एवढ्याशा डोळ्यांना मी जन्मभर घाबरत आले होते. मी तिथेच फरशीवर मटकन बसले. पाण्याची कळशी घेऊन जाणारी एक बाई थांबली आणि खूश होऊन म्हणाली, "बघा, बसल्या की नाय शेवटी देवापुढं!"

घरी आले तर आयनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "कोनाला सांगशील तं माजं मेलेलं तोंड बघशील." मी चिडले. खरं सांगितल्याशिवाय खांब वाचणार कसा? ती म्हणाली, खरं सांगितलं तर समद्या गावाचा देव जाईल. बेट गेलं, घरं गेली, आता देव पन नेऊ का त्यांचा? आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे माझ्या कानांतून जात नाही. "येकदा गेली पान्यात. परत घालायची व्हय तिला?"

त्या दिवसापासून तिनं जेवण सोडल्यातच जमा केलं. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. डॉक्टर म्हणाले वय झालंय. मला माहीत होतं वयाचं काही नाही. पौर्णिमा जवळ येत होती आणि आय माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती.

शेवटी मी समितीच्या बैठकीला गेले. नव्या मंदिराच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या होत्या, मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चष्मेवाला देव. तांडेलकाका पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसलेले. मी उभी राहिले आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले. "माझ्या स्वप्नात उधाणबा आला."

क्षणभर कुणाला कळेना. मग हशा पिकला. अध्यक्ष म्हणाला, "ताई, तुमच्या? अहो, देवळापेक्षा गटारं बांधा असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"म्हणूनच माझ्याकडे आला," मी म्हणाले. "तुमच्याकडे येऊन काय उपयोग? तुम्ही दुसरी मूर्ती आणून बसलात."

"बरं, काय म्हणाला?"

मी घरून पाठ करून आले होते, पण ऐन वेळी सगळं विसरले. तोंडातून आपोआप निघालं, "म्हणाला, मला पाण्यात घालाल तर मान वळवीन."

हसू जागच्या जागी थांबलं. डंपरवाले, टँकरवाले, सोन्याच्या साखळ्यांचे सगळे बाप्ये एकदम गप्प झाले. त्यांच्यातला एकेक जण त्या खांबापुढे पोर म्हणून उभा राहिलेला होता. अध्यक्षाचा चेहरा उतरला. खोटं बोलणारी मी, पण काटा माझ्याही अंगावर आला. त्याला मान नाही, तो लाकडाचा आहे, तो माझ्या आईनं केलाय, हे सगळं माहीत असून मला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात तांडेलकाकांनी काठी आपटली. "खांब ऱ्हाईल," ते म्हणाले. "नव्या देवाच्या शेजारी. तोंड गावाकडं. बोला पुढचं." त्यांच्यापुढे कोण बोलणार? विषय संपला.

मी बाहेर आले. काका काठी टेकत मागून आले आणि पायरीवर बसले. मला वाटलं शाबासकी देतील.

"सपान बरं पडलं तुला," ते म्हणाले. "आय जेवते का आता?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"तुज्या बापाबरोबर ती काठी मीच रोवली, बाय. तिला शोदायला आमी समदे गाळात व्हतो. आमच्या वक्ताच्या समद्यांना ठावं हाय."

"मग वाहत आला, आपोआप उभा राहिला, ती गोष्ट? दर वर्षी तुम्हीच सांगायचात!"

"तुजी आय पोरांना भ्या दावायची, मी गोष्ट सांगायचो. येक पोर तरी गेलं का त्याच्यामागनं?" त्यांनी घसा खाकरला. "कोन कोनाला बोललं नाय. तुजं बारसं झालं, नाव ठेवलं, तवा बी नाय बोललं."

"माझ्या नावाचं काय?"

आता दचकायची पाळी त्यांची होती. त्यांना वाटलं होतं, आयनं मला सगळं सांगितलंय.  "तिचंच नाव तुला ठेवलं, बाय," ते म्हणाले.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. आयला एवढंच सांगितलं की खांब राहिला. तिनं मान हलवली, भात मागून घेतला आणि पोटभर जेवली. मी तिच्यासमोर बसून तिला बघत होते. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ऑफिसच्या पासवर आहे, मी जन्मभर ते वापरून वापरून जुनं केलं आहे. आणि ते मला मिळायच्या आधी कुणीतरी त्या नावाला ओ देत गाळात गेलं होतं. मला भीती वाटली, राग आला, आणि त्या पोरीची फार दया आली.

पौर्णिमा पार पडली. चष्मेवाला देव गाभाऱ्यात बसला, खांब त्याच्या शेजारी उभा राहिला. पुढच्या अमावास्येला मी आयला घेऊन गेले. दुपारची वेळ, मंदिरात कुणी नव्हतं. आयनं खांबावर हात ठेवला आणि हळूच नाव घेतलं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

आय थांबली. नेहमीचा आवाज आला नाही म्हणून तिनं मागे वळून बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"कोनी सांगलं?"

"काकांनी."

ती परत खांबाकडे वळली. तिची पाठ किती वाकली आहे ते मला त्या दिवशी दिसलं. तिनं पुन्हा नाव घेतलं, या वेळी मोठ्यानं, लांबच्या माणसाला हाक मारतात तसं. हाक त्या कोऱ्या मंदिरात घुमली आणि विरली.

"ओ दे गो," आय म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "इतकी वर्सं हाका मारतंय. कोनीतरी ओ दे."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ओ दिली.